गाडी जपानची, गोडी मनाईची

निस्सान स्कायलाइन जीटी-आर ही मोटार जपानमध्ये तयार झाली, असं सगळेच धरून चालतात. ते अर्धंच खरं आहे. पत्रा जपानचा, इंजिन जपानचं, रंगही जपानचाच. पण या गाडीला आज जे देवपण आलं आहे ते बरंचसं वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत तयार झालं. तिथे १९८८ साली एक कायदा झाला. परदेशी बाजारासाठी बनलेली मोटार अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांत बसत नसेल तर ती देशात आणायची नाही, असं तो कायदा म्हणतो. आणि लगेच पुढे असंही म्हणतो की गाडीला २५ वर्षं पूर्ण झाली असतील तर मात्र खुशाल आणा, त्या नियमांचं नावही कुणी काढणार नाही. जुनी जपानी स्पोर्ट्स कार बोटीत घालून आणायची आणि नंबरप्लेट लावून रस्त्यावर उतरवायची, हा जो उद्योग आज तिथे जोरात चालतो, त्यामागे गाडीच्या गुणांपेक्षा या नकाराचा हात मोठा आहे, असं माझं म्हणणं आहे. गाडी चांगली आहे, वाद नाही. पण चांगल्या गाड्या पुष्कळ असतात. पाव शतक निष्ठेने ‘नाही’ म्हणणारं सरकार प्रत्येकीच्या नशिबी नसतं.

यातला पहिला विनोद असा, की कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात ही गाडी नव्हतीच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर डॉलर असा काही चढला होता, की जर्मनीत मर्सिडीज विकत घ्यायची, जहाजाचं भाडं भरायचं, अमेरिकेत आणून नियमांप्रमाणे दिवे-बंपर बदलून घ्यायचे, आणि एवढं सगळं करूनही ती अधिकृत शोरूममधल्या गाडीपेक्षा स्वस्त पडायची. १९८५ मध्ये अशा मार्गाने ६०,०००हून जास्त गाड्या आल्या. शोरूमवाल्यांच्या पोटात दुखायला लागलं. मर्सिडीजची अमेरिकेतली शाखा आणि तिचे विक्रेते यांनी वॉशिंग्टनचे उंबरठे झिजवले. पोटदुखी धंद्याची असली तरी अर्ज जनतेच्या सुरक्षिततेचा होता, कारण ‘आमचं गिऱ्हाईक पळतंय’ या कारणावर कायदा करून मागायला संकोच वाटतो आणि ‘लोकांचे जीव धोक्यात आहेत’ या कारणावर वाटत नाही. १९८८ मध्ये मंजूर झालेला हा कायदा १९९०च्या जानेवारीअखेर लागू झाला. या दोन तारखांच्या मध्ये, ऑगस्ट १९८९ मध्ये, जपानात आर३२ पिढीची स्कायलाइन जीटी-आर विक्रीला आली. म्हणजे मनाई आधी ठरली आणि गाडी मागाहून जन्मली. नेम जर्मन गाडीवर धरला होता, लागला जपानी गाडीला, आणि ती त्यानेच अमर झाली.

आता या २५ वर्षांकडे जरा नीट बघू. कायद्याचं घोषित कारण सुरक्षितता आहे. तेव्हा नवी कोरी, ब्रेक कडक, पत्रा शाबूत अशी जीटी-आर अमेरिकन रस्त्यावर घातक. तीच गाडी पाव शतक पावसापाण्यात काढून, तीन-चार मालकांच्या हातांखालून जाऊन, रबराची नळीन् नळी वाळून आली की निर्धोक. २४ वर्षं ११ महिने वयाच्या गाडीला बंदरात अडवतात आणि महिन्याभराने तीच गाडी मानाने आत येते. वय गाडी बनली त्या महिन्यापासून मोजतात, म्हणून गाडी आधीच घेऊन जपानमधल्या गोदामात झाकून ठेवायची आणि तिच्या वाढदिवसाच्या बेताने जहाजावर चढवायची, असा एक धंदाच उभा राहिला. नंतरच्या आर३४ पिढीची जीटी-आर जानेवारी १९९९ मध्ये विक्रीला आली, तर २०२४ चा जानेवारी कधी उजाडतो याकडे डोळे लावून बसलेली माणसं होती. आणि अखेर सुरक्षित ठरून आत आलेल्या १९८९ च्या आर३२ मध्ये एअरबॅग नाही.

कायद्याची बाजू घेणारे यावर एक समंजस उत्तर देतात, आणि ते ऐकून घेण्यासारखं आहे. ते म्हणतात, २५ वर्षांची गाडी म्हणजे संग्राहकाची हौस. अशा गाड्या येऊन येऊन येणार किती, आणि आल्या तरी चालणार किती? थोडक्या हौशींसाठी चार म्हाताऱ्या मोटारी आल्या तर आभाळ कोसळत नाही. १९८८ मध्ये हा विचार बरोबरच होता. तेव्हा पंचविशी गाठलेली गाडी १९६३ ची असायची: कार्ब्युरेटर, ड्रम ब्रेक आणि उतारावर रामनाम. पण कायद्यातलं घड्याळ जागच्या जागी राहिलं आणि रस्त्यावरचं तंत्र पुढे गेलं. आर३२ ला २०१४ मध्ये २५ वर्षं झाली. तिच्यात २.६ लिटरच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाला दोन टर्बो आहेत, चारी चाकांना गरजेप्रमाणे ताकद वाटून देणारा संगणक आहे, आणि वळणावर मागची चाकंसुद्धा किंचित वळतात. आजोबांसाठी उघडं ठेवलेल्या दारातून असा पैलवान आत शिरेल, हे १९८८ मध्ये कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तेव्हा हे उत्तर कायद्याचा हेतू समजावून सांगतं, पण त्याचा परिणाम समजावून सांगत नाही. आणि मी बोलतो आहे ते परिणामाबद्दल.

पैसा ओतून ही वर्षं कमी करता येतात का? बिल गेट्स यांनी तो प्रयोग अनवधानाने करून पाहिला. त्यांनी मागवलेली पोर्शे ९५९ ही जर्मन गाडी दहा वर्षांहून अधिक काळ कस्टम्सच्या ताब्यात उभी होती. अखेर १९९९ मध्ये ‘प्रदर्शनापुरत्या’ दुर्मीळ गाड्यांसाठी एक पोटनियम निघाला. त्याखाली आलेली गाडी वर्षाला २,५०० मैल, म्हणजे सुमारे ४,००० किलोमीटर चालवता येते. पुणे-मुंबई रोज ये-जा करणारा माणूस हा वर्षाचा कोटा दोन आठवड्यांत संपवेल. पुढे आर३४ च्या काही मोजक्या उपप्रकारांनाही या पोटनियमाने आत घेतलं. जगातल्या अतिश्रीमंत माणसाचीही ही गत पाहून इतरांनी नाद सोडला असेल असं वाटेल. पण घडलं उलटंच. जी वस्तू गेट्सलाही सहजी मिळाली नाही ती आपल्याला फक्त थांबून मिळणार आहे, हे कळल्यावर थांबायला कोण कंटाळेल?

इकडे जपानात मात्र या गाड्यांना कंटाळलेली माणसं पुष्कळ, कारण तिथे जुनी मोटार बाळगणं म्हणजे हौसेने घेतलेली शिक्षा आहे. खासगी गाडीला पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ नावाच्या सक्तीच्या तपासणीतून जावं लागतं. कर, विमा आणि दुरुस्त्या धरून प्रत्येक वेळी लाखभर येन सहज जातात. पेट्रोलच्या गाडीला १३ वर्षं झाली की तिच्यावरचा वार्षिक कर वाढतो. शहरात तर गाडी आपल्या नावावर होण्याआधी ती उभी करायला जागा आहे, असा पोलिसांचा दाखला लागतो. (हा नियम आपल्याकडे आला तर पुण्यातल्या पेठा एका रात्रीत रिकाम्या होतील.) त्यामुळे जपानी माणूस गाडी पुरती खिळखिळी होण्याच्या आत तिला निरोप देतो आणि ती व्यापाऱ्यांच्या लिलावात जाते, जिथे प्रत्येक गाडीच्या वाट्याला काही सेकंदच येतात.

लिलावात गाडीबरोबर एक कागद असतो, आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाचं सगळं भवितव्य त्या कागदावर अवलंबून असतं. त्यावर गाडीची उलगडून सपाट केलेली आकृती छापलेली असते आणि परीक्षकाने तिच्यावर हाताने खुणा केलेल्या असतात. ए१ म्हणजे बारीक ओरखडा. यू१ म्हणजे लहानसा पोचा. डब्ल्यू म्हणजे इथला पत्रा ठोकून रंगवलेला आहे, तिरप्या उजेडात बघाल तर लाटा दिसतील. एस म्हणजे गंज, आणि एक्सएक्स म्हणजे हा भाग मूळचा नाही. वरच्या कोपऱ्यात एकंदर गुण: ५, ४.५, ४, ३.५ असे उतरत जाणारे. आतल्या सजावटीला ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी. आणि अपघात होऊन सांगाड्यापर्यंत दुरुस्ती झालेल्या गाडीच्या कपाळी आकड्याऐवजी नुसतं ‘आर’. जाणकार हा कागद लग्नाच्या बायोडेट्यासारखा वाचतात. जे लिहिलं आहे त्यावर एक नजर आणि जे लिहिलेलं नाही त्यावर दोन. फरक इतकाच, की हा बायोडेटा घरच्यांनी लिहिलेला नसतो, शेजाऱ्यांनी लिहिलेला असतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो. तरीही विचार करा: ओहायोतला एक माणूस गाडी न बघता, इंजिनाचा आवाज न ऐकता, सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराचा रंग न पाहता, स्वतःला वाचता न येणाऱ्या लिपीतल्या एका कागदावर विसंबून घराच्या हप्त्याएवढे पैसे महासागरापलीकडे पाठवतो. हाच माणूस शेजारच्या गावात वापरलेली टोयोटा घ्यायला जाताना मेकॅनिक बरोबर नेतो आणि टायरला लाथ मारून बघतो. गाडीच्या गुणांनी माणूस एवढा भोळा होत नाही. मनाई उठल्याच्या आनंदाने होतो.

गाडी अमेरिकेच्या बंदरात उतरली की कागदांचा दुसरा अंक सुरू होतो. वाहतूक-सुरक्षा खात्याचा एचएस-७ नावाचा फॉर्म असतो. त्यात ‘माझ्या गाडीला २५ वर्षं झाली आहेत’ या चौकटीत खूण केली की वर्षानुवर्षांची चिंता एका पेनाच्या फटकाऱ्याने मिटते. पर्यावरण खात्याचा फॉर्म वेगळा, ३५२०-१, आणि त्यांचं वयही वेगळं: गाडी मूळ स्वरूपात असेल तर २१ वर्षं पुरतात. म्हणजे धुराचा राग एकविसाव्या वर्षी शांत होतो, धडकेची भीती जायला आणखी चार वर्षं लागतात. गाडीच्या पोटाला जपानची माती चिकटलेली नसावी, याकडे शेती खात्याचं लक्ष. मोटारीवरची नेहमीची जकात अनेक वर्षं अवघी २.५ टक्के होती. तेच हौशी माणसाने जपानचा छोटा, खेळण्यातला वाटावा असा मालवाहू ट्रक मागवला तर २५ टक्के, कारण युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर लावलेल्या कराचा सूड म्हणून अमेरिकेने १९६४ मध्ये हलक्या ट्रकांवर ही जकात बसवली आणि मग ती काढायची राहून गेली. कोंबड्या केव्हाच संपल्या, त्यांच्या रश्श्याचं बिल जपानी ट्रक अजून भरतो आहे.

खरी परीक्षा राज्याच्या मोटार नोंदणी कचेरीत. अमेरिकेतल्या गाड्यांना १७ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो आणि तिथला संगणक तेवढेच मोजून घेतो. जपानातल्या गाडीचा क्रमांक छोटा: ‘बीएनआर३२’, मग एक आडवी रेघ, मग सहा आकडे. संपलं. खिडकीपलीकडची बाई तो टाइप करते आणि संगणक सांगतो की अशी मोटार असूच शकत नाही. मोटार बाहेर उभी असते. बाई साहेबांना विचारायला आत जाते, आणि साहेब कुठे गेलेले असतात हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. विमा कंपनीच्या संगणकापुढे हाच प्रवेश पुन्हा होतो. गाडी कॅलिफोर्नियात न्यायची असेल तर केंद्राची माफी तिथे चालत नाही. १९७५ नंतरच्या गाडीला राज्याच्या स्वतःच्या धुराच्या कसोट्या पार कराव्या लागतात आणि त्यासाठी प्रयोगशाळेला हजारो डॉलर मोजावे लागतात. एवढं झाल्यावर गाडी रस्त्यावर येते, आणि मालकाच्या ध्यानात येतं की स्टिअरिंग उजवीकडे आहे आणि बर्गर देणारी खिडकी डावीकडे. उजवं स्टिअरिंग तिथे बेकायदा नाही. खेड्यापाड्यांत टपाल टाकणारे अशा गाड्या वापरतातच. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला तर यात माहेरी आल्यासारखं वाटायला हवं: कोथरूडात ज्या बाजूला बसून गाडी शिकला त्या बाजूला बसायला मिळतं, फक्त रस्ता उलटा असतो.

आता माझ्या म्हणण्याचा पुरावा. याच निस्सान कंपनीने याच काळात ३००झेडएक्स नावाची स्पोर्ट्स कार बनवली. तिलाही दोन टर्बो, सहा सिलिंडर, मागची चाकं वळवण्याची तीच युक्ती, आणि कागदावरची ताकद जीटी-आरपेक्षा जास्तच, ३०० अश्वशक्ती. ही गाडी १९९० ते १९९६ अमेरिकेतल्या शोरूममध्ये राजरोस मिळत होती. कुणीही जाऊन घ्यावी, हप्ते भरावेत, विसरून जावं. लोकांनी तेच केलं. आज तिचे चाहते आहेत, नाहीत असं नाही, पण तिच्या पंचविसाव्या वाढदिवसाला कुणी बंदरावर जाऊन उभं राहिलं नाही. दोन सख्ख्या बहिणी; एक घरात वावरत होती म्हणून तिच्याकडे लक्ष गेलं नाही, दुसरीला भेटायचीच बंदी होती.

दुसरा पुरावा न्यूझीलंडचा. तिथे वाहनं डावीकडून चालतात, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून जपानच्या जुन्या गाड्यांना दार सताड उघडं. १९९८ मध्ये तर मोटारींवरची जकातच रद्द झाली. साध्या स्कायलाइन तिथे एवढ्या झाल्या की ती कॉलेजातल्या पोरांची गाडी ठरली. रात्री-अपरात्री चौकात टायर जाळणाऱ्या पोरांना आवरण्यासाठी २००९ मध्ये त्यांनी कायदा केला: पुन्हापुन्हा सापडलात तर गाडी चिरडून टाकू. ज्या मंत्रीणबाईंनी तो आणला त्या ज्युडिथ कॉलिन्स यांचं नावच ‘क्रशर’ पडलं, आणि २०१२ मध्ये पहिली गाडी खरोखर चिरडली गेली. न्यूझीलंडवाल्यांना या गाड्यांची भीती वाटत नव्हती असं नाही, फक्त ती वेगळ्या गोष्टीची होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये जपानहून मोटारी घेऊन आलेली जहाजं त्यांनी ऑकलंडहून माघारी पाठवली, कारण मोटारींत ढेकणाच्या जातीचे, घाण वास सोडणारे किडे निघाले. अमेरिकेने ज्या देशाच्या गाड्यांना सुरक्षिततेसाठी रोखलं, त्यांना न्यूझीलंडने ढेकणांसाठी रोखलं. दुसरं कारण मला जास्त पटतं.

तिसरा पुरावा सर्वांत नेमका, कारण त्यात गाडी एकच आहे आणि बदलतो तो फक्त कायदा. कॅनडात हीच अट १५ वर्षांची आहे. म्हणजे १९८९ ची आर३२ तिथे २००४ मध्ये कायदेशीर झाली. विंडसर आणि डेट्रॉइट यांच्यामध्ये एक नदी आहे. पुढची दहा वर्षं ती गाडी नदीच्या एका काठावर वाहन होती आणि दुसऱ्या काठावर मुद्देमाल. कॅनडाचं दार उघडलं तेव्हा जगाने फारशी दखल घेतली नाही. अमेरिकेची तारीख जवळ यायला लागली तसे मात्र जपानी लिलावांतले भाव चढायला लागले आणि चढतच गेले. दहा वर्षांनी आणखी जुनी झालेली तीच गाडी महाग झाली.

इथे पहिला आक्षेप येणार: भाव चढणारच, एवढं मोठं गिऱ्हाईक बाजारात उतरलं. मागणी-पुरवठ्याचा साधा हिशेब आहे, त्यात मानसशास्त्र कशाला? हिशेब बरोबर आहे, पण मागणी आली कुठून हे त्यातून कळत नाही. १९९८ मध्ये ‘ग्रॅन तुरिस्मो’ हा प्लेस्टेशनवरचा खेळ अमेरिकेत पोचला आणि लाखो पोरांनी बैठकीच्या खोलीत बसून स्कायलाइन चालवली. पडदा बंद केल्यावर ती गाडी त्यांच्या देशात कुठेच नव्हती. ओळख खेळाने करून दिली, भेट कायद्याने अडवली, आणि ही पोरं नोकरीला लागून हातात पैसे खुळखुळू लागेपर्यंत बरोबर २५ वर्षं होत आली. कुठल्याही जाहिरात कंपनीला असा बेत जमला नसता, आणि सरकारने तो फुकट केला.

दुसरा आक्षेप गाडीच्या चाहत्यांचा, आणि ते इथे माझ्यावर धावून येतील. आर३२ ने जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या काळात २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची मोठी शर्यत १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ मारली. तिथल्याच एका मासिकाने तिला ‘गॉडझिला’ म्हटलं. हे सगळं मान्य. पण या कीर्तीतही मनाईचा वाटा बघा. बाथर्स्टच्या दुसऱ्या विजयानंतर पुढच्या वर्षीपासून तिथल्या नियमांत अशा गाडीला जागाच उरली नाही, आणि जिला हरवता येईना तिला नियमाने बाहेर काढलं अशी कथा झाली. घरी जपानातही तेच: मोटार कंपन्यांनी २८० अश्वशक्तीच्या वर जायचं नाही असा आपसांत सभ्य करार केला होता, तो २००४ पर्यंत टिकला. सगळ्यांनी कागदावर २८० लिहिलं आणि इंजिनात त्याहून जास्त भरलं. मोजमापाच्या यंत्रावर चढवल्यावर गाडी कागदापेक्षा बलवान निघते, हा आनंद ३०० लिहून ३०० देणाऱ्या गाडीत कुठून मिळणार?

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे, आणि तो मी झटकून टाकू शकत नाही. टोयोटा सुप्रा. ही १९९३ ते १९९८ अमेरिकेत उघडपणे विकली गेली, तिच्यावर कुठलीच बंदी नव्हती, आणि तरीही ती आज देव्हाऱ्यात आहे. २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्यूरियस’मधली सुप्रा २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरना गेली. इथे माझ्या सिद्धांताला चित्रपटाच्या आधाराची गरज पडते, हे कबूल करायला हवं. कायदा हा एकटाच देव घडवत नाही. तरी एवढं म्हणेन, की चित्रपट आला तेव्हा अमेरिकेत सुप्राची विक्री थांबून तीन वर्षं झाली होती, आणि त्याच मालिकेतली २००९ च्या चित्रपटातली आर३४ मात्र २०२३ मध्ये साडेतेरा लाख डॉलरच्या वर गेली. ती गाडी नवी असताना जपानात सुमारे ५० लाख येनना मिळत होती. चित्रपट दोघींनाही मिळाला. वरचा फरक कशाचा, याचा अंदाज वाचकाने करावा.

कुणी म्हणेल, दुर्मीळ म्हणून. आर३४ जीटी-आर साधारण साडेअकरा हजारच बनल्या. पण आर३२ जवळजवळ ४४,००० बनल्या, तिला दुर्मीळ कोण म्हणेल? आणि नुसतं दुर्मीळ असून भागत नाही. आपल्या गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन माणसांची स्पोर्ट्स कार बनत होती. फायबरची बॉडी, रेनॉचं छोटं इंजिन, वर उघडता येणारं छत. रस्त्यावर दिसेल तर शपथ. तिच्यावर कुठल्या सरकारने बंदी घातली नाही आणि कुठल्या पोराने तिचं चित्र भिंतीला चिकटवलं नाही.

भारताचा विषय निघालाच आहे तर आपला नियमही पाहू, कारण तो माझ्या सिद्धांताला एक पोटकलम जोडतो. खरं तर या जपानी गाडीला सोयीचा देश आपलाच: वाहतूक डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे, वेगाचा काटा किलोमीटरमध्ये. आयात धोरण वापरलेल्या गाडीकडून नेमक्या याच गोष्टी मागतं, आणि ती मुंबई बंदरातूनच यावी असंही सांगतं. सगळं जुळतं, आणि मग वयाचं कलम येतं: गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको. अमेरिका म्हणते म्हातारी होऊन ये, आपण म्हणतो कोवळी असताना ये, आणि मधली २२ वर्षं बिचारीने कुठे काढावीत हे दोघंही सांगत नाहीत. त्यातून तीन वर्षांच्या आतली आणलीच, तर कस्टम्सचं शुल्क गाडीच्या मूळ किमतीच्या वर जातं. २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज गाडीला वेगळी नोंदणी दिली, पण त्यासाठी वय हवं ५० वर्षं. आता मनाईनेच गोडी येत असेल तर सर्वांत जास्त वेड आपल्याकडे हवं होतं. वेड आहेही, पण त्याचा धंदा झाला नाही, जहाजं लागली नाहीत, गोदामं उभी राहिली नाहीत. कारण आपली मनाई जवळपास बिनतारखेची आहे. अमेरिकेच्या कायद्याची सगळी करामत त्या तारखेत आहे: माणूस भिंतीवर महिना लिहून ठेवू शकतो, पैसे साठवू शकतो, बायकोला हळूहळू पटवू शकतो. बेमुदत नकाराला माणूस कंटाळतो आणि मारुती घेऊन मोकळा होतो.

हा सिद्धांत खरा असेल तर त्याने पुढचंही सांगता यायला हवं, तेव्हा एक भाकीत करून टाकतो. शाओमी या चिनी फोन कंपनीने मार्च २०२४ मध्ये एसयू७ नावाची विजेवरची वेगवान गाडी काढली. अमेरिकेने चिनी विद्युत-मोटारींवर १०० टक्के जकात बसवलेली आहे, आणि चिनी सॉफ्टवेअर असलेल्या गाड्यांवर २०२७ च्या मॉडेलपासून वेगळी बंदी. शिवाय २५ वर्षांचा जुना नियम आहेच. त्याच २०२४ मध्ये फोर्ड कंपनीचे प्रमुख जिम फार्ली यांनी जाहीरपणे सांगितलं, की त्यांनी एक एसयू७ शांघायहून विमानाने शिकागोला आणवली, सहा महिने ती चालवत आहेत आणि परत करावीशी वाटत नाही. स्वतःचा मोटारींचा कारखाना असलेल्या माणसाची ही अवस्था, तर खेळांत ती गाडी चालवणाऱ्या पोरांची काय होईल? सध्याचा सुरक्षा-नियम असाच राहिला, तर तिच्या पहिल्या तुकडीची तारीख मार्च २०४९ येते. त्या महिन्यात ती अमेरिकेच्या बंदरात उतरेल, एचएस-७ मध्ये खूण होईल, संगणक तिचा क्रमांक या वेळी बिनतक्रार घेईल कारण तो १७ अंकांचाच आहे, आणि मग मालक दार उघडून आत बसेल तेव्हा समोरच्या पडद्यावर चिनी भाषेत सूचना येईल, की सॉफ्टवेअर २५ वर्षांत अपडेट केलेलं नाही, कृपया नेटवर्कशी जोडणी करा.